सहा रूपांचं ऋण

फ्रेंच शिकवून माझं घर चालतं. स्पॅनिशच्या शिकवण्याही अधूनमधून घेते. पण या दोन भाषांचं माझ्यावरचं खरं ऋण पोटापाण्याचं नाही. आमच्या उरवड्याची बोली मला त्यांनी परत दिली, आणि तीही क्रियापदांच्या तक्त्यातून. हे ऋण फिटणारं नाही; निदान एकदा लिहून ठेवावं, एवढ्यासाठी हा लेख.

उरवडे हे मुळशी तालुक्यातलं गाव, पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि अकरावीला पुण्यात आले. पिरंगुटचा घाट, भूकुम, भूगाव, चांदणी चौक अशी रोजची ये-जा सुरू झाली. फ्रेंचला गुण चांगले पडतात असं सगळे सांगत, म्हणून फ्रेंच घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं. वर्गात मी तोंड उघडत नसे. 'ती जाती', 'ते करत्यात' असं काही निघून जाईल, ही धास्ती असायची. व्याकरण शुद्ध बोलणाऱ्यांकडे असतं, आमच्याकडे असते ती नुसती बोली, अशी माझी पक्की समजूत होती. व्याकरणाचा मला आलेला अनुभव लाल शाईचाच होता.

फ्रेंचच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सहा घरं आखली. डावीकडे तीन एकवचनाची, उजवीकडे तीन अनेकवचनाची. 'पार्ले' म्हणजे बोलणे. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल; नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. लिहिताना बहुतेक प्रत्यय वेगवेगळे, पण मी, तू, तो आणि ते या चौघांचा उच्चार एकच. मॅडम म्हणाल्या, "लिहिलेलं राहिलं आणि बोललेलं झिजलं. म्हणून फ्रेंच माणसाला कर्ता सांगावाच लागतो." मग त्यांनी शेजारी आणखी सहा घरं आखली आणि 'बोलणे' याची रूपं आम्हाला भरायला सांगितली. बोलते, बोलतेस, बोलते, बोलतो, बोलता, बोलतात. आयुष्यभर बोलत आलेली ती सहा रूपं मी त्या दिवशी पहिल्यांदा एका जागी पाहिली. मी एकटी असले की 'बोलते', मैत्रिणींबरोबर असले की आम्ही 'बोलतो'. बाईपण एकवचनात दिसतं आणि अनेकवचनात मावळतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मॅडमनी मला विचारलं, "तुमच्या घरी कसं म्हणतात?" मी बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितलं: मी बोलते, तू बोलतीस, ती बोलती, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, त्या बोलत्यात. त्यांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. काही दुरुस्त केलं नाही. पहिल्या आणि तिसऱ्या घरावर बोट ठेवून म्हणाल्या, "पुस्तकी मराठीत 'मी' आणि 'ती' दोघींचंही 'बोलते' होतं. हिच्या बोलीत 'बोलते' आणि 'बोलती' वेगळे राहिलेत. नुसत्या क्रियापदावरून कर्ता कळतो." वर्गातल्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या आईचं बोलणं कुणी वहीत उतरवून घेतंय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या बाईंचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

पदवीनंतर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच पुढे शिकले, आणि मग स्पॅनिशकडे वळले. स्पॅनिशने त्या सहा घरांचा दुसरा अर्थ दाखवला. 'आब्लार' म्हणजे बोलणे: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. सहाही रूपं कानाला वेगळी, म्हणून कर्ता गाळला तरी चालतो. आपणही 'उद्या येईन' म्हणतो, 'मी' म्हणायची गरज पडत नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश दोन्ही लॅटिनच्या लेकी. एकीने शेवट जपले, दुसरीने ते कागदावर ठेवले आणि बोलण्यातून सोडून दिले.

स्पॅनिशमध्ये नियमित क्रियापदांचे तीन वर्ग: आर, एर आणि इर यांनी संपणारे. लॅटिनमध्ये ते चार होते. नेब्रिहाने १४९२ मध्ये स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं, त्यातही हे तीन वर्ग आहेत. एर आणि इर यांच्यातला फरक मात्र आता वर्तमानकाळात दोनच घरांत उरलाय. खाणे या अर्थाचं 'कोमेर' आणि राहणे या अर्थाचं 'बिबिर' घेतलं, तर आम्ही 'कोमेमोस', पण 'बिबिमोस'. तुम्ही 'कोमेइस', पण 'बिबिस'. बाकी चार घरं सारखी. हे शिकताना मला प्रश्न पडला: मराठीत असे वर्ग आहेत का?

उत्तर घरातच होतं. आई म्हणते, 'उद्या भात लावीन', 'दळण दळीन', 'एक रट्टा मारीन'. पण 'जरा बसंन', 'लवकर उठंन'. कर्म घेणाऱ्या क्रियापदाला 'ई', कर्म न घेणाऱ्याला 'ए' किंवा त्याचं खेडवळ रूप. मराठी व्याकरणातला हा जुना नियम आहे: मारीन, पण बसेन. त्याला अपवाद आहेत, पण शाळेची पायरी न चढलेली माझी आई तो बिनचूक पाळते. माझी भाची 'करेन' म्हणते, 'लावेन' म्हणते. स्पॅनिशच्या दोन वर्गांसारखेच मराठीचेही दोन वर्ग एकमेकांत मिसळत चाललेत, तेही एकाच घरात.

फ्रेंच येत होतं म्हणून ज्यूल ब्लॉक यांच्यापर्यंत पोहोचले. मराठी भाषा कशी घडली, यावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ पॅरिसला १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. मो. के. दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तेव्हा भविष्यकाळाचा उलगडा झाला. 'करील' म्हणजे जुनं 'करी' आणि त्याला जोडलेला 'ल'. फ्रेंचमध्ये 'पार्ले' या मूळ रूपालाच 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे प्रत्यय चिकटले आणि भविष्यकाळ झाला, स्पॅनिशमध्येही तसंच. जुन्या रूपाला काहीतरी जोडून उद्याची गोष्ट बोलायची, ही युक्ती आपल्याकडेही आहे आणि तिकडेही.

आणि मग ओव्या. गी पॉइतवाँ हे फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मला 'दळीते' हे रूप भेटलं. 'दळते' नाही, 'दळीते'. आईच्या 'दळीन'मधली तीच 'ई', वर्तमानकाळात टिकून राहिलेली. जुन्या 'करितो'मध्येही तीच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात जे रूप मी जुनं म्हणून वाचलं होतं, ते माझ्याच तालुक्यातल्या बायका जात्यावर बसून गात आल्या होत्या. माझी आजीही त्यांतलीच. फ्रेंच शिकले नसते, तर हे रूप मी अशुद्ध म्हणून सोडून दिलं असतं.

आता शिकवायला उभी राहते तेव्हा मीही सहा घरं आखते आणि शेजारी सहा रिकामी ठेवते. मुलं मुळशीची असतात, वेल्ह्याची असतात, कधी मराठवाड्यातून आलेली असतात. रिकामी घरं त्यांनी घरच्या बोलीतल्या रूपांनी भरायची, एवढाच माझा आग्रह असतो. मॅडमनी मला जे दिलं, ते मी पुढे देते.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात 'दळीन', 'लावीन', 'बोलत्यात' म्हणणारं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि एखाद्या क्रियापदाची सहा रूपं त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्या. कोण बोललं, कुठल्या गावचं, तेही लिहा. आणि लिहिताना काही दुरुस्त करू नका.