दाराचा जुना रंग आणि आमची कालवड



पिकावर रोग दिसला की नुसते वरून पाहू नका, पान उलटून पाहा, असे गावोगाव सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. पण स्वतःच्या घराचे दार मी कधी नीट पाहिले नव्हते. ती चूक आज तुमच्यापुढे मांडतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात पुतणीचे लग्न निघाले. घर वडिलांच्या वेळचे. दारे-खिडक्यांना हिरवा तैलरंग, तोही थरावर थर चढलेला. रंगाऱ्याची मजुरी वाचवावी म्हणून मीच पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि दोन दिवस सारा रंग कोरडाच घासला. ओटा धुळीने भरला. ती झाडून पोपड्यांसकट गोठ्याच्या कडेला लोटली.

चार-पाच दिवसांनी गोठ्यातली लहान कालवड दात खाऊ लागली. तोंडाला फेस आला. दिसेनासे झाल्यासारखी ती भिंतीवर जाऊन आदळे. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "साहेब, घरात रंगकाम काढलंय का?" मी कडेचा कचरा दाखवला. ते म्हणाले, "जुन्या रंगात शिसं असतं. चवीला गोडसर लागतं, म्हणून वासरं चाटतात." दुसऱ्या दिवशी कालवड गेली. पुढे तपासणीत शिसेच निघाले.

डॉक्टर गेल्यावर आमच्या घरातली हळूच म्हणाली, "अहो, कालवड गोठ्यात होती. आपला बाळ तर दोन दिवस त्याच ओट्यावर खेळत होता."

बाळ म्हणजे माझा नातू, दीड वर्षाचा. माझे पाय गळाले. त्याला जिल्ह्याच्या गावी नेऊन रक्त तपासले. रक्तात शिसे होते. डॉक्टरांनी सांगितले, औषधापेक्षा आधी घरातले शिसे दूर करा. तसे केले. काही महिन्यांनी प्रमाण उतरले. पण तो अहवाल येईपर्यंतच्या रात्री मी विसरलेलो नाही.

मंडळी, या विषाची खोड अशी की लहान मुलात ते बहुधा बाहेरून दिसतच नाही. पोट दुखते, शौचाला कठीण होते, अंग फिके पडते, पोर चिडचिडे होते, अभ्यासात मागे राहते. आपण म्हणतो दृष्ट लागली. सहा वर्षांखालची मुले आणि पोटातले बाळ यांना धोका सर्वांत जास्त. शिशाचे अमुक इतके प्रमाण बिनधोक, असे नाहीच.

म्हणून शेताची करतो तशी घराचीही पाहणी करा. आधी वय पाहा. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमच्या आत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांहून कमी असावे, असा नियम लागू झाला. त्याआधीचा तैलरंग संशयाचा धरा. मग रंगाची स्थिती पाहा. पोपडे सुटलेत का, बोट फिरवले तर भुकटी लागते का? दार-खिडकी जिथे घासते तिथे धूळ पडते. त्यानंतर पोराच्या उंचीला बसा. खिडकीचे गज, पाळणा, उंबरा यांवर दातांच्या खुणा आहेत का पाहा. शेवटी वळचणीखालची माती पाहा. पावसाने सुटलेले पोपडे तिथेच पडतात.

मात्र शिसे डोळ्यांना ओळखू येत नाही. खात्री हवी तर सर्व थरांसकट थोडे पोपडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते जमत नसेल तर शिसे आहे असे समजूनच वागा.

रंग घट्ट असेल तर उगाच उकरू नका. वरून नव्या रंगाचा हात द्या. सुटला असेल तर पाणी मारून, ओला ठेवूनच खरवडा. खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा घट्ट मास्क लावा. मुले, गर्भार बाई आणि जनावरे लांब ठेवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. पोपडे उकिरड्यावर टाकू नका. शेण कुजते, शिसे कुजत नाही; ते खतातून परसातल्या भाजीखाली जाते. पिशवीत घट्ट बांधून वेगळे ठेवा आणि ग्रामपंचायतीला विचारून विल्हेवाट लावा. रंगवलेले जुने लाकूड चुलीत किंवा बंबाखाली मुळीच जाळू नका. धुरातून शिसे अंगात जाते आणि राखेतही उरते.

यंत्रांसाठीच्या औद्योगिक रंगांना तो नियम लागू नाही. म्हणून अवजारांचा उरलेला रंग पाळण्याला किंवा पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावू नका.

मुलांचे हात जेवणाआधी धुवा. दूध, नाचणी, पालेभाजी पोटभर द्या. कॅल्शियम आणि लोह पुरेसे असले तर शिसे अंगात कमी मुरते. शंका आली तर रक्त तपासून घ्या. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे निघाले तर ते कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे.

आता दिवाळी असो की लग्न, रंगाचा डबा फोडण्याआधी मी घरभर फिरून पाहतो. तुम्हीही आज संध्याकाळी शेतावरून आलात की एकदा दारापाशी बसा आणि बोट फिरवून पाहा.