ड्युरँड कप आणि मासिमांची वाटी

मंडळी, धाकट्या मावशीची फर्माईश आहे की कलकत्त्यातल्या त्या दोन क्लबांबद्दल लिही. लिहिते. पण मला फुटबॉल कळतो तो कोल्हापूरच्या मुलीला कळावा तेवढाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडले की आमच्याकडे पुरुषमंडळींची ताटं झाकून ठेवावी लागायची, एवढं माझं ज्ञान!

कलकत्त्यातलं वेड मात्र वेगळंच. मोहन बागान १८८९चा, ईस्ट बंगाल १९२०चा. मोहन बागान म्हणजे घोटी, इथले मूळचे. ईस्ट बंगाल म्हणजे बांगाल, पूर्वेकडचे. यांची चिंगडी (आपली कोळंबी), त्यांचा इलिश मासा. गंमत म्हणजे ईस्ट बंगाल निघाला तेव्हा फाळणीचा पत्ताही नव्हता. सत्तावीस वर्षांनी सरहद्द आखली गेली, माणसं ट्रंका-वळकट्या घेऊन इकडे आली, तेव्हा सुटलेल्या मुलुखाचं नाव एका क्लबात तयारच होतं.

आमच्या घरमालकीण मासिमा त्यातल्याच. वडील बारिसालहून आलेले, ह्यांचा जन्म विजयगडच्या निर्वासित कॉलनीतला. बारिसाल कधी पाहिलं नाही. आणि लग्न केलं ते पक्क्या घोटी माणसाशी! मेसोमशाय मोहन बागानचे. घरात नियम असा, की ज्याचा क्लब हरेल त्याने थैली घेऊन बाजारात जायचं आणि जिंकणाऱ्याचा मासा आणायचा. पाहुण्यांसमोर दोघं 'आमचं काही नाही हो' म्हणायचे आणि मॅचच्या दिवशी एकमेकांशी बोलायचे नाहीत.

ईस्ट बंगाल सलग आठ डर्बी हरला. मासिमा आठ वेळा कोळंबी घेऊन आल्या. मेसोमशाय जेवताना मुद्दाम सावकाश जेवायचे म्हणे, एकेक कोळंबी उचलून उजेडात बघत.

२०२३मध्ये ते गेले. आणि त्याच वर्षी १२ ऑगस्टला, ड्युरँड कपच्या साखळीत, ईस्ट बंगालने नंदकुमारच्या गोलवर मोहन बागानला १-० हरवलं. गल्लीत फटाके फुटत होते. मी वर गेले तर मासिमा टीव्ही बंद करून बसलेल्या. म्हणाल्या, "आता कुणाला सांगू गं?"

त्यावर काय बोलणार? मी चहा केला.

पण स्पर्धा पुढे सरकली आणि ३ सप्टेंबरला फायनलमध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर! (१८८८मध्ये हा कप सुरू केला तो मॉर्टिमर ड्युरँड, अफगाण सरहद्दीची रेषा ज्याच्या नावाने ओळखली जाते तोच. बंगालची रेषा रॅडक्लिफची, पण मला दर वेळी वाटतं, या दोन क्लबांनी भांडावं ते एका रेषा आखणाऱ्याच्या कपासाठीच. असो.) दोघांकडेही तोवर सोळा-सोळा ड्युरँड, म्हणजे हा सतरावा कोणाचा, हा प्रश्न होता.

रविवार होता. आम्ही दोघं मॅच बघायला मासिमांकडे वर गेलो. आणि आमच्या ह्यांनी, ज्यांना क्रिकेटखेरीज काही कळत नाही, सोफ्यावर बसता बसता जाहीर केलं, "मासिमा, मी मोहन बागान." मासिमांनी वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तिकडच्या खुर्चीत बस. ती त्यांची."

दुसऱ्या हाफमध्ये मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. अकराचे दहा झाले. मासिमा सावरून बसल्या, डोळ्यांत चमक. आणि ७१व्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोस नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने चेंडू एकट्यानेच पुढे नेत बॉक्सबाहेरून मारला. गोल! दहा जणांनी तो एक गोल शेवटपर्यंत राखला. मासिमांनी त्या पेत्रातोसला बारिसाली बोलीत जे ऐकवलं ते मला अर्धंच कळलं, बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः खाली आल्या. हातात झाकलेली स्टीलची वाटी, आत गलदा चिंगडीची मलाई करी. सकाळीच गडियाहाट बाजारात जाऊन आल्या होत्या. वाटी मला नाही, ह्यांच्या हातात दिली. "पुढच्या ड्युरँडला ही इलिश भरून परत यायला हवी."

२०२४च्या ड्युरँडमध्ये मात्र डर्बी झालीच नाही. आर. जी. कर रुग्णालयातल्या त्या डॉक्टर मुलीवरच्या अत्याचार आणि हत्येनंतर शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टचा सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला, तर दोन्ही क्लबांचे लोक, त्यात मोहम्मडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र घोषणा देत उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही खाल्ल्या. मासिमा टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून शर्ट एकमेकांच्या हातात हात घालून चाललेले बघून म्हणाल्या, "हे त्यांनी बघायला हवं होतं." वाटी त्या वर्षी आमच्याकडेच राहिली.

१७ ऑगस्ट २०२५ला उपांत्यपूर्व फेरीतच गाठ पडली. ईस्ट बंगाल २, मोहन बागान १. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर करून हे थैली घेऊन बाजारात गेले. इलिशचा भाव ऐकून तिथूनच मला फोन केला, "अर्धाच घेतला तर चालेल का?"

मी म्हटलं, मासिमांना विचारा.