आशाताईंची वही

मराठी डॉक्टरांच्या आत्मकथनांचे आम्ही जुने वाचक. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९) आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. या लेखनात कृतज्ञतेला ठरलेली जागा असते: अर्पणपत्रिका, मनोगत, फार तर शेवटचे प्रकरण. परंतु ज्या आरोग्यसेविकेवर अर्पणपत्रिका लिहिण्याचा प्रसंगच येत नाही, तिची कृतज्ञता कोठे नोंदली जाते? हा प्रश्न आम्हांस पुस्तकांपाशी सुचला नाही, तीर्थपुरीला सुचला.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले गाव. भोवती ऊस आणि मोसंबी. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतील आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर हिंडत होत्या. आम्ही त्यांना ओट्याखालीच थांबविले. खिडकीच्या गजांतून बोट पुढे केले, आकडा ऐकला आणि खिडकी लावून घेतली. पाणीसुद्धा विचारले नाही. (आमच्याकडे दाराशी आलेल्याला पाणी न विचारणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.) पुढे महिनाभरात आई बाधित निघाली, तेव्हा दिवसातून दोनदा फोन करून आकडा विचारणाऱ्या त्याच होत्या.

आई बरी झाली. आम्ही मात्र त्यांच्या घरी गेलो ते फार उशिरा, आभार मानण्यासाठी आणि खरे तर क्षमा मागण्यासाठी. त्यांनी दोन्ही गोष्टी फारशा ऐकून घेतल्या नाहीत.

“माझं सोडा, सर. सासूबाईंचे उपकार म्हणा. लेकरू त्यांच्यापाशी झोपायचं अन् मी ओसरीत. रात्री बाळंतपणाचा फोन आला की मालक गाडी काढायचे, कधी कुरकुर केली नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “अन् ह्या कामाचेबी उपकारच. आधी मी अमक्याची बायको होते.”

हे वाक्य ऐकताच आमच्यातला लेखक हुरळला, हे कबूल केले पाहिजे. पण अशा कृतज्ञतेचा गौरव करून तिच्याच बळावर माणसाला कमी पैशांत राबविता येते. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. तिला पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. २०२१च्या जूनमध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा या बाईही त्यात होत्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, त्याविषयी विचारले तर म्हणाल्या, “चांगलं झालं. पण हिशेब वेगळा.” काम आवडते आणि त्याचे दाम पुरे मिळत नाही, ही दोन्ही वाक्ये त्या एकाच सुरात बोलत होत्या. आम्हांलाच त्यांत विसंगती शोधण्याची खोड.

निघताना त्यांनी जुनी वही काढली. आमच्या घराची ओळ सापडली: चार नावे, चार आकडे, पुढे ‘ठीक’. ओट्याखाली उभे केल्याची नोंद अर्थातच कोठे नव्हती. आम्ही ते पान पाहत असता आतून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.