चाड्यावरची मूठ

आज पिकाचं नाही, जरा वेगळं.

आपल्या पाचगणीत शिकलेला फारूख बुलसारा पुढं इंग्लंडात ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. 1975 ला बँड दौऱ्यावर. टीव्हीवर हजर राहणं अवघड. म्हणून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं शूटिंग चारेक तासांत उरकलं. 1981 ला अशी गाणी ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ या व्हिडिओ कॅसेटवर एकत्र आली, लोकांनी घरी बघितली. फ्रेडी 1991 ला गेला. मी परवा मोबाईलवर बघितलं, गडी तसाच गातोय.

आमच्या वस्तीवर पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारे एकच आबा उरलेत, वय ऐंशीच्या पुढं. बी किती सोडायचं, हे लिहून कळत नाही, हात बघावा लागतो. वाफसा आला की शूटिंग करणार. तुमच्याकडच्या जाणत्यांचंही करून ठेवा.