चौथा पट

सांगलीच्या कॉलेजात असताना मी संघात चौथ्या पटावर खेळायचो. तिथं ही जागा मिळवायलाही घाम गाळावा लागे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ गावात होतं, आणि संध्याकाळी तिथं शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत कोणीही समोर येऊन बसायचं. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि 1991 मध्ये आशियाई विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावच्या. असल्या गावात कॉलेजच्या संघात शिरायचं तर निवड चाचणीत चारपाच जणांना मागं टाकावं लागायचं, आणि त्यातले दोघे तरी आपल्यापेक्षा बरे असायचे.

सांघिक बुद्धिबळ पाहिलेलं नसेल तर ते विचित्र वाटतं. चार पट एका रांगेत, प्रत्येकावर एकटा माणूस, शेजारच्याशी बोलायचं नाही. तरी चौघांचे गुण एकत्र होतात. ताकदीप्रमाणे पटक्रम आधीच लिहून द्यावा लागतो आणि मग तो बदलता येत नाही. दुसऱ्या पटावरचा आजारी पडला तर तिसरा वर सरकतो, चौथा तिसऱ्यावर जातो आणि राखीव खेळाडू शेवटी बसतो. चांगला खेळाडू खाली लपवून सोपा गुण मिळवण्याची सोय नियमानं ठेवलेली नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पटावर एका संघाला पांढरी मोहरी, दुसऱ्या आणि चौथ्यावर दुसऱ्या संघाला. सर्वांत नाजूक नियम कर्णधाराचा. समोरच्यानं बरोबरी देऊ केली तर ती घ्यावी की नाही, एवढंच कर्णधारानं सांगायचं. पटावरच्या परिस्थितीबद्दल अवाक्षर नाही. एकट्यानं खेळताना अर्धा गुण आपला असतो, हवा तसा खर्च करावा. इथं तो अर्धा गुण चौघांचा असतो.

पुढं नोकरी महाबळेश्वरच्या डोंगरावर लागली. शिकवणं होतंच, त्याबरोबर जिमखान्याचं काम आलं. शिवाजी विद्यापीठाच्या सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या स्पर्धांना दरवर्षी आमचा संघ खाली जायचा, पहिल्याच दिवशी हरायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं वर यायचा. मुलं हुशार होती. पहिल्या पटावरचा मुलगा तर कोणालाही भारी पडेल असा. पण त्याला वर्षभर खेळायला जोडीदारच नव्हता. मला वाटू लागलं की मुलांना खाली नेण्यापेक्षा एकदा खालच्या संघांनाच वर बोलवावं.

त्यासाठी पावसाळा निवडला. उन्हाळ्यात आणि दिवाळीत इथं पाय ठेवायला जागा नसते; पावसात मात्र निम्मी हॉटेलं बंद, उरलेली रिकामी. बाजारपेठेच्या मागच्या एका हॉटेलवाल्यानं खोल्या जवळजवळ फुकट दिल्या आणि जेवणघर खेळायला मोकळं करून दिलं. भिंतींना बाहेरून गवत आणि प्लॅस्टिक बांधलेलं, त्यामुळे भर दुपारी दिवे लावावे लागायचे. चिंता होती ती ओलीची. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कागद कधी कोरडा राहत नाही. डाव लिहायच्या कागदांवर बॉलपेन उमटेना. मग हॉटेलवाल्याच्या बायकोनं मार्ग काढला. तिनं कागदांचे गठ्ठे, घड्याळं आणि लाकडी मोहरी एका कपाटात ठेवून आत शंभरचा बल्ब रात्रभर चालू ठेवला. सकाळी मोहऱ्यांच्या बुडाचं कापड हाताला उबदार लागलं. घड्याळं चावीची, सांगलीहून मागून आणलेली. वेळ संपत आली की मिनिट काट्याला अडकलेली लाल पट्टी वर उचलली जायची आणि मग खाली पडायची. डिजिटल घड्याळ बघणाऱ्या मुलांना त्या पट्टीचा धाक सांगून कळायचा नाही.

सात संघांनी नावं दिली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहाच आले. सातव्याची गाडी केळघर घाटात दरड आल्यानं मेढ्याहून माघारी गेली. मला वाईट वाटलं, पण एका परीनं गणित सोपं झालं. साखळी पद्धतीत सात संघांना सात फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत एक संघ रिकामा बसतो. सहा संघांत पाच फेऱ्या पुरतात आणि कोणी बसत नाही. शनिवारी तीन, रविवारी दोन. प्रत्येकाला एक तास. रात्री लॉट्स पाडले, क्रमांक दिले आणि जोड्यांचा तक्ता भिंतीवर लावला.

तेवढ्यात एका संघाबरोबर आलेल्या गृहस्थांनी विचारलं, ‘मुलांच्या संघात मुलगी कशी चालेल?’ आमच्या दुसऱ्या पटावर मुलगी होती. मी त्यांना रोहिणी खाडिलकरांची गोष्ट सांगितली. 1976 मध्ये त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्पष्ट सांगावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच संघाचा दुसऱ्या पटावरचा मुलगा तिच्याशी हरला, तेव्हा तिचं कौतुक करायला ते स्वतः आले.

मधल्या फेऱ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, पंचांनी घड्याळं थांबवून मेणबत्त्या लावल्या. जेवायला पिठलं-भाकरी होती. चार फेऱ्यांनंतर आमचा आणि सांगलीचा संघ बरोबरीत होते. दोघांनी चारही सामने जिंकलेले. सामन्याचे गुण सारखे झाले तर पटांचे गुण मोजायचे, आणि ते सांगलीचे जास्त होते. म्हणजे शेवटची फेरी दोन-दोन सुटली तरी चषक त्यांचा.

त्या फेरीत पहिल्या पटावर बरोबरी झाली. दुसऱ्यावर आमची मुलगी जिंकली, तिसऱ्यावर आम्ही हरलो. दीड-दीड. राहिला चौथा पट.

आमचा चौथा म्हणजे स्ट्रॉबेरीची शेती असलेल्या घरातला मुलगा, खेळायला लागून फार दिवस झाले नव्हते. पांढरी मोहरी त्याच्याकडे, हत्ती प्रत्येकी एक आणि याचं एक प्यादं जास्त. सांगलीच्या मुलानं बरोबरी देऊ केली. यानं आमच्या कर्णधाराकडं पाहिलं. पंच शेजारी येऊन उभे राहिले. तिनं भिंतीवरच्या गुणफलकाकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘खेळ.’

मी संयोजक, म्हणून लांब उभा होतो. पण सांगलीच्या मुलानं पुढं जे केलं ते मी खुर्चीच्या पाठीला धरून पाहिलं. उरलेल्या प्याद्यांची मारामारी झाली आणि पटावर पांढऱ्याचा राजा, हत्ती, एक प्यादं. काळ्याचा राजा आणि हत्ती. काळा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. त्यानं आपला हत्ती स्वतःच्या बाजूनं तिसऱ्या ओळीत आणून ठेवला आणि तिथंच इकडून तिकडं सरकवत राहिला. त्या ओळीमुळे आमच्या राजाला पुढं यायला वाट नव्हती. आमच्या मुलानं विचार करकरून शेवटी प्यादं पुढं ढकललं. त्या क्षणी सांगलीच्या मुलानं हत्ती उचलला, थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. प्यादं पुढं गेल्यानं राजाला आडोसाच उरला नव्हता. शह, पुन्हा शह, पुन्हा शह. आमच्या घड्याळाची लाल पट्टी वर उचललेली. दोघांनी हात मिळवले.

ही फिलिदोरची बचावाची रीत. अठराव्या शतकातल्या त्या फ्रेंच खेळाडूनं मांडलेली, आणि हत्तीच्या अंतिम अवस्थेत सर्वांत आधी शिकवतात ती हीच. सांगलीच्या पहिल्या पटावरच्या मुलाला ती येत असणारच. मला थक्क केलं ते चौथ्यानं. न चाचरता, अर्ध्या मिनिटात एक चाल या वेगानं तो खेळला. त्यानं ती पुस्तकात वाचली असेल, पण हातात भिनली ती संध्याकाळी कोणाकोणाशी बसून. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गावाचं बुद्धिबळ चौथ्या पटावर मोजावं. पहिल्या पटावर एखादा उपजत हुशार मुलगा कुठंही निपजतो, अगदी आमच्या डोंगरावरही. चौथा मात्र गावानं घडवावा लागतो.

2024 च्या सप्टेंबरात बुडापेस्टला ऑलिंपियाडमध्ये भारतानं खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा सगळीकडं गुकेशचं नाव होतं, आणि ते योग्यच होतं. मी मात्र खालच्या पटांचे गुण शोधत होतो. खुल्या गटात चौथ्या पटावर नाशिकचा विदित गुजराथी एकही डाव न हरता खेळला. महिलांच्या संघात चौथ्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण वंतिका अगरवालला मिळालं, आणि त्या संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर सुवर्ण घेऊन गेली. पुढच्याच वर्षी तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला. मी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन केले आणि हे पट मोजून सांगितले.

त्या पावसाळ्यात चषक सांगलीला गेला. निघण्याआधी त्यांच्या चौथ्यानं आमच्या चौथ्याला जेवणघरातच ती जागा पुन्हा मांडून दाखवली. एसटी चुकली तरी चालेल म्हणाला. सोमवारी आमच्या मुलानं कॉलेजच्या वाचनालयात कोपऱ्यातलं टेबल मागितलं. ग्रंथपालांनी संध्याकाळी सहापर्यंत परवानगी दिली. पहिले काही दिवस तो आणि कर्णधार मुलगी दोघंच बसायचे, तो काळ्या हत्तीनं बचाव करायचा आणि ती प्यादं वजीर करायला बघायची. मग कॅन्टीनमधला पोऱ्या यायला लागला, नंतर त्याचा भाऊ. दिवाळीपर्यंत टेबल पुरेना, म्हणून मी जिमखान्याच्या खर्चातून आणखी दोन पट मागवले.