उन्हाळी टायर, पावसाळी गाव

युरोपातली मोटारींची मासिकं दरवर्षी 'समर टायर'ची परीक्षा घेतात. कुठला पेट्रोल वाचवतो, कुठला मऊ चालतो, कुठला वळणावर पकड ठेवतो, वगैरे. आपल्याला वाटतं, हे साहेबांचे चोचले. पण गंमत म्हणजे आपल्या दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक टायर त्यांच्या भाषेत समर टायरच! तिकडे पारा सात अंशांच्या खाली गेला की हे रबर कडक होतं, म्हणून हिवाळ्यात ते दुसरा जोड चढवतात. आमच्या राहनाळला सात अंश कुठून येणार? आमचं दुखणं निराळं. मे महिन्यात रस्ता भाजतो आणि जूनमध्ये तोच पाण्याखाली जातो. टायर मात्र तेच.

म्हणून मी टायर मे महिन्यातच बदलतो. कायद्याने खाच 1.6 मिलिमीटर उरेपर्यंत चालतं, पण पाणी बाहेर फेकायला खोली लागते. तीनवर आला की माझ्या लेखी टायर गोटा झाला.

यंदा दुकानदार म्हणाला, "साहेब, सोळा इंची अलॉय टाका, गाडी रोडला चिकटून चालेल." घरी येऊन गणित मांडलं. माझ्या गाडीला 165/80 आर 14. म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या 80 टक्के, 132. वरच्या मॉडेलांना येणाऱ्या 185/65 आर 15 ची उंची 120. आणि 195/55 आर 16 ची फक्त 107. तिन्हींचा बाहेरचा व्यास मात्र साधारण 620! थोडक्यात, रिम मोठी होते ती गादी कापून. वळणावर ती गाडी जास्त नेमकी वळते, हे खरं. पण अंजूरफाटा ते कशेळी हा रस्ता ज्यांनी गोदामांच्या कंटेनरांमागे, भर पावसात पार केलाय त्यांना विचारा, पाण्याखालचा खड्डा कुणाच्या वाट्याला येतो ते. रिमच्या आणि मागे बसलेल्या आईच्या मणक्याच्या! त्या मणक्यासाठीच आम्हाला दर आठवड्याला ठाण्याला जावं लागतं. तेव्हा चौदा इंचच.

बायकोचा मुद्दा मायलेजचा. तोही तपासला. वर्षाला 12,000 किलोमीटर, लिटरला 18, म्हणजे सुमारे 667 लिटर. सहज लोटणाऱ्या टायरने दोन टक्के वाचवले तर तेरा लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर तेराशे रुपये. वाईट नाही, पण ओल्या रस्त्यावर गाडी दोन हात आधी थांबत असेल तर तेराशे रुपये मी खुशाल सोडेन. पूर्वी ही दोन्ही सुखं एकत्र मिळत नसत. 1992 मध्ये मिशलॅनने रबरात सिलिका घालून ते भांडण बरंच मिटवलं. आपल्याकडेही जून 2022 च्या अधिसूचनेने लोटण्याचा विरोध, ओली पकड आणि आवाज, तिन्हींना मर्यादा घातल्या. पण दुकानात ओल्या पकडीबद्दल स्वतःहून कुणी बोलत नाही. विचारावं लागतं.

आणखी एक कारण. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यात. म्हणजे खड्ड्यांतून रांगणारी गाडी थोड्याच वेळात ताशी 120 ची परवानगी असलेल्या, तापलेल्या काँक्रीटवर! हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकून तापते, आणि फुटतो तो असाच. नाशिकला भावाकडे निघायचं असेल तर मी सकाळी, टायर थंड असतानाच, दाराच्या खांबावर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरतो. नायट्रोजनचे जादा पैसे देत नाही. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो.

शेवटी ओल्या पकडीत चांगला म्हणून नाव असलेला, जरा महागडा जोड घेतला. बसवण्याआधी बाजूवरचे चार आकडे वाचले: 4825, म्हणजे 2025 चा 48वा आठवडा. चौथ्या टायरवर 2023 चा आकडा निघाला. तो परत आत पाठवला. दुकानदार कुरकुरला, पण नवा घेऊन आला.