लिहिलेल्या शब्दाचा सूर

एके काळी एकाच पंगतीत जेवणारे आणि एकाच दिव्याखाली अभ्यास करणारे आपण सारे आज दूरदूर विखुरलो आहोत. आता आपली भेट होते ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. तेथे मित्राचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. हाती येतो तो केवळ शब्द. आणि मराठी शब्दाचा अर्थ पुष्कळदा त्याच्या सुरात दडलेला असतो.

‘बघतो’ या एका शब्दात आश्वासन असू शकते आणि नकारही. ‘बरं’ म्हणजे मनापासूनची संमती किंवा मनात धरलेली नाराजी. ‘लवकर या हं’, ‘कळवा बरं का’ या वाक्यांतील ‘हं’ आणि ‘बरं का’ हीच बोलण्यातील माया. घाईने लिहिताना नेमकी तीच गळते आणि विनंतीचा हुकूम होतो. पूर्वी घरून १५ पैशांचे पोस्टकार्ड येई. ‘पत्रास कारण की’ म्हणण्याआधी त्यात सर्वांची खुशाली विचारलेली असे. लिहिता लिहिता आणि टपालपेटीपर्यंत चालत जाता जाता रागही निवळत असे. आजचा संदेश तेवढी वाट पाहत नाही.

आमच्या तुकडीने वसतिगृहाच्या ग्रंथालयासाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा एकाने रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर विचारले, ‘हिशेब कधी?’ पैसे सांभाळणाऱ्या मित्राला त्यात संशय दिसला. त्याने लिहिले, ‘विश्वास नसेल तर आपली वर्गणी परत घ्या.’ लहानपणापासून ‘तू’ म्हणणाऱ्याने एकाएकी ‘आपली’ आणि ‘घ्या’ म्हणावे, हे पहिल्याला अधिक झोंबले. सकाळपर्यंत दोन तट पडले. शेवटी एका ताईंनी दोघांनाही फोन केला, तेव्हा उलगडा झाला : रक्कम किती कमी पडते ते कळले, तर तेवढी स्वतः घालावी, एवढाच विचारणाऱ्याचा हेतू होता. दोघांची मने जुळली. परंतु त्या रात्री गट सोडून गेलेला तिसरा मित्र आजतागायत परतलेला नाही.

बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात सम्यक वाचेचे विवेचन करताना त्यांनी सत्याबरोबरच सौजन्यालाही स्थान दिले आहे. मात्र हे सौजन्य भीतीपोटी किंवा कोणाची मर्जी राखण्यासाठी नसावे, असेही त्यांनी बजावले आहे. आपल्या समाजाला हा भेद निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांना मान खाली घालून ‘जोहार’ म्हणावा लागे. आपण समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘जय भीम’ म्हणतो. पहिली लाचारी होती, दुसरे सौजन्य आहे. म्हणून हिशेब विचारूच नये, मतभेद मांडूच नयेत, असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक कामात प्रश्न विचारणे हे कर्तव्यच आहे. तो विचारताना समोरच्याची प्रतिष्ठा आपल्याइतकीच मोलाची मानणे, हे समतेचे आचरण आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. प्रश्नासोबत त्याचे कारणही लिहावे. खटकणाऱ्या वाक्याचा बरा अर्थ निघत असेल, तर आधी तो धरावा. निघत नसेल, तर ‘तुला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे विचारावे. दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, म्हणजे अवहेलना झाली असे समजू नये. माणूस कामात असतो, कधी दुःखातही असतो. पैसा, आजार आणि मृत्यू यांविषयी मात्र लिहिण्यापेक्षा बोलावे. आणि कोणी रागाने निघून गेला असेल, तर त्याला संदेश पाठवू नये. त्याच्या घरी जावे.